लॉगबुकातला शुक्रवार

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. साडेतीनशे माणसांची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. गेल्या दीड वर्षापासून एट-डी अहवाल (ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारे), एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत), ट्रेनिंगच्या प्रश्नपत्रिका, ग्राहकाला जाणारी उत्तरं असं सगळं एआयच्या मदतीने लिहिलं जातं. ज्या अहवालाला पूर्वी तीन दिवस लागायचे, तो आता दुपारच्या चहाआधी तयार असतो. तरीही त्याच त्या तक्रारी फिरून येतात. त्यात दोन वर्षांत तुमचे चार जुने सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारे कारागीर, निवृत्त होताहेत आणि साहेबांचं म्हणणं आहे की सगळं एआयमध्ये भरून ठेवा, म्हणजे माणूस गेला तरी ज्ञान कंपनीत राहील. तुम्ही विचारलंय, यातून ज्ञान तयार होतंय की नुसता मजकूर?

सध्या मजकूर वाढतोय. ज्ञानही तयार होऊ शकतं, मात्र त्यासाठी कशावर लक्ष ठेवायचं ते आता बदललंय. पूर्वी लिहिणं अवघड होतं, म्हणून लिहिताना माणूस आपोआप विचार करायचा. आता लिहिणं फुकट झालं, आणि त्याबरोबर तो विचारही कधी गळून पडला हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी १९९७ साली ट्रेनी म्हणून क्वालिटीत लागले. बरीच वर्षं शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात तिथे, काढली, मग ग्राहकांच्या तक्रारी, मग सप्लायर क्वालिटी. आता पुणे परिसरातल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांना याच कामात मदत करते. त्यामुळे मी जे सांगते ते मशिनिंगच्या शॉपवरून सांगते. सॉफ्टवेअर कंपनीत किंवा बँकेत काही गोष्टी वेगळ्या असतील. तुमच्याकडेही दोन गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. जुन्या नोंदी कितपत खऱ्या लिहिल्या गेल्यात, ही पहिली. आणि चूक कबूल करणाऱ्याचं तुमच्याकडे काय होतं, ही दुसरी. नोंदी फक्त ऑडिटपुरत्या भरलेल्या असतील तर एआय तुम्हाला तेच ऑडिटपुरतं उत्तर छान भाषेत देईल. चूक सांगणाऱ्याला मेमो मिळत असेल, तर कुठलंही साधन आणा, शॉपवरची खरी गोष्ट वर येणार नाही.

आता एक प्रसंग सांगते, कारण माझं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

एका कंपनीत शाफ्टचा व्यास मोठा येतो अशी ग्राहकाची तक्रार होती, वर्षात तिसऱ्यांदा. तिथल्या तरुण इंजिनिअरने लॉगबुकाच्या पानांचे फोटो, तपासणीचे तक्ते आणि ग्राहकाच्या मेल एआयला दिल्या आणि एट-डी मागितला. अहवाल देखणा होता. फाइव्ह व्हायची, म्हणजे ‘का?’ असं पाचदा विचारत मुळाशी जायची, साखळी बिनचूक, एकाखाली एक. मूळ कारण: ऑफसेट (टूलच्या जागेची मशीनला दिलेली दुरुस्ती) देण्यातली चूक आणि ऑपरेटरचं अपुरं प्रशिक्षण. उपाय: पुन्हा प्रशिक्षण आणि तपासणी वाढवणं. ग्राहकाने अहवाल मान्य केला. दोन महिन्यांनी तोच माल परत आला.

मी गेले तेव्हा अहवाल बाजूला ठेवला आणि मूळ लॉगबुक मागवलं. एका शिकाऊ ऑपरेटरने निळ्या पेनाने एक ओळ लिहिली होती: ‘शुक्रवारी पहिल्या पाळीत पहिले दहा-बारा जॉब मोठे आले. नंतर आपोआप बसले.’ जॉब म्हणजे मशीनवर बनणारा एकेक भाग. एआयच्या सारांशात ही ओळ होती, पण अशा रूपात: ‘पाळीच्या सुरुवातीला मापात फरक आढळला.’ त्यातून शुक्रवार गेला होता. ‘आपोआप बसले’ हेही गेलं होतं.

त्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाकीचे दिवस मशीन तिन्ही पाळ्यांत चालतं, त्यामुळे ते कधी थंड होत नाही. गुरुवारी ते पूर्ण बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी गार मशीनवर काम सुरू होतं. पोलाद एक अंश सेल्सिअस तापलं की दर मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. म्हणजे टूल सरकवणारा ३०० मिलिमीटर लांबीचा बॉलस्क्रू १० अंशांनी तापला तर तो ३३ ते ३६ मायक्रॉनने लांबतो. त्या शाफ्टची एकूण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, होती २५ मायक्रॉन. ऑफसेट तापलेल्या मशीनवर दिलेला, आणि पहिले जॉब निघत होते गार मशीनवर. गार स्क्रू आखूड, म्हणून टूल कमी आत जायचं आणि ते मोठे येणारच होते. मशीन तापलं की माप जागेवर यायचं.

मग दर शुक्रवारी माल का बिघडत नव्हता? तिथले सगळ्यात जुने सेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते शुक्रवारी वीस मिनिटं लवकर यायचे आणि मशीन रिकामं फिरवून ठेवायचे. ही गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. ज्या शुक्रवारी मामा रजेवर, त्या शुक्रवारी दहा-बारा जॉब मोठे निघायचे आणि कधीकधी तपासणीतून सुटून पुढे जायचे. सगळ्या तक्रारींच्या बॅच मी रजेच्या रजिस्टराशी ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या.

मी त्यांना विचारलं, “मामा, हे आधी का नाही सांगितलं?”

ते म्हणाले, “ताई, विचारलं कोणी? कागदावर ऑपरेटरची चूक म्हणून आधीच लिहून आलं होतं.”

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या शिकाऊ मुलाचं. अख्ख्या कागदपत्रात उपयोगाची एकमेव ओळ त्याने लिहिली होती, आणि अहवालाने त्यालाच अप्रशिक्षित ठरवलं. त्या अहवालानंतरच्या पानांवर त्याच्या हाताने फक्त ‘ओके’ लिहिलेलं आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. या प्रसंगात ज्ञान कुठे तयार झालं? एट-डीच्या कागदावर ते तयार झालं नाही. मुलाला काहीतरी वेगळं दिसलं आणि त्याने ते जसंच्या तसं टिपलं, तिथे सुरुवात झाली. ‘शुक्रवारच का?’ हा प्रश्न कोणीतरी धरून ठेवला, तिथे ते पुढे सरकलं. गार मशीनवर दहा जॉब काढून, मग वीस मिनिटं फिरवून पुन्हा दहा काढून आम्ही मापं समोरासमोर ठेवली, तेव्हा ते पक्कं झालं. कागद सगळ्यात शेवटी आला. पूर्वी कागद हाताने लिहावा लागायचा, म्हणून तो लिहिणाऱ्याला आधीच्या तीन पायऱ्या थोड्या तरी चढाव्या लागायच्या. एआयने शेवटची पायरी इतकी सोपी केली की आधीच्या पायऱ्या न चढताही तिथे पोचता येतं.

सारांशातून शुक्रवार का गळला, हेही समजून घ्या, कारण तुमच्याकडेही तेच होणार. एआयच्या आतलं भाषेचं मॉडेल असंख्य मजकुरांत जे जसं येतं त्यावरून पुढचा शब्द जुळवतं. ‘व्यास मोठा’ या तक्रारीखाली जगभरच्या अहवालांत प्रशिक्षण, ऑफसेट, टूलची झीज हेच सापडतं. वार कुठला होता हे त्या साच्यात बसत नाही, म्हणून ते किरकोळ ठरतं. सारांश करणं म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं. आपल्या मशीनपुरतं खरं काय, हे बहुतेक वेळा सोडलेल्या भागातच असतं.

थोडं मागे जाते. इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकाने १९९० च्या दशकात कंपन्यांतल्या ज्ञाननिर्मितीची चार टप्प्यांची मांडणी केली. एकमेकांसोबत काम करताना हातातलं कसब दुसऱ्याच्या हातात जातं. मग ते शब्दांत उतरतं. मग शब्दांत उतरलेल्या गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात. आणि शेवटी ते वाचून, करून पुन्हा अंगवळणी पडतं. त्याचं गाजलेलं उदाहरण ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीचं आहे, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकचं. १९८० च्या दशकात ते घरगुती पावयंत्र बनवत होते आणि पीठ काही केल्या नीट मळलं जात नव्हतं. इकुको तनाका ही सॉफ्टवेअरची माणूस ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पावकारागिराकडे जाऊन पीठ मळायला शिकली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो पीठ ओढतो आणि ओढताना पिळतो. यंत्राच्या आतल्या बाजूला खास कंगोरे बसवल्यावर ते जमलं, आणि १९८७ साली यंत्र बाजारात आलं.

माझ्या अनुभवात एआयने या चारपैकी तिसरा टप्पा, म्हणजे लिहिलेलं लिहिलेल्याशी जोडणं, जवळजवळ फुकट केला आहे. दहा वर्षांच्या तक्रारी, पाचशे एसओपी, तीन ग्राहकांची वेगवेगळी मानकं एका दुपारी समोरासमोर ठेवता येतात. हे फार मोठं काम आहे, त्याची किंमत कमी करू नका. दुसऱ्या टप्प्यातही ते चांगली मदत करतं, त्याबद्दल पुढे लिहिते. पहिल्या टप्प्यात, पिठात हात घालण्यात, ते अजिबात नाही. आणि चौथा टप्पा त्याच्यामुळे धोक्यात येतो, कारण वाचून, करून, चुकून अंगवळणी पाडण्याऐवजी माणूस दर वेळी विचारून घेतो.

जो अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो स्टॅनफर्ड आणि एमआयटीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेला आहे. त्यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पाच हजारांहून जास्त ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. एआय सहायक मिळाल्यावर सरासरी उत्पादकता १४ टक्क्यांनी वाढली. नवख्यांची ३४ टक्क्यांनी वाढली. मुरलेल्या लोकांना मात्र फारसा फायदा झाला नाही. कारण सरळ आहे. चांगल्या कर्मचाऱ्यांच्या संभाषणातून जे जमतं ते सहायकाने उचललं आणि नवख्यांच्या हातात दिलं. म्हणजे ज्ञान पसरलं, आणि ही चांगली गोष्ट झाली. पण तुमच्या साहेबांना यातला पुढचा प्रश्न विचारा. उद्या मुरलेले लोक गेले, नवखे कायम सहायकाच्याच आधाराने काम करत राहिले, तर परवाची नवीन अडचण पहिल्यांदा कोण सोडवणार, आणि सहायक ते कोणाकडून शिकणार?

त्याच वर्षी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर झालेला प्रयोगही सांगण्यासारखा आहे. एआयच्या आवाक्यातल्या कामांत ते वापरणाऱ्यांचं काम सुमारे २५ टक्के लवकर झालं आणि दर्जाही बराच सुधारला. पण एक काम मुद्दाम आवाक्याबाहेरचं ठेवलं होतं. तिथे एआय वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण १९ टक्के-अंकांनी कमी निघालं. शॉपवर काम करणाऱ्याला यातली अडचण लगेच कळेल. आवाक्याबाहेरचं उत्तरही तितकंच नीटनेटकं दिसतं. माणूस खात्री नसली की अडखळतो, ‘बघावं लागेल’ म्हणतो. अहवालाच्या भाषेवरून समोरच्याला किती माहीत आहे हे ओळखायची आमची जुनी सवय इथे कामाची नाही.

आता खरा धोका. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे जुन्या कागदपत्रांत शोधून उत्तर देणारी प्रणाली बसवली आहे. माझ्या प्रसंगातल्या कंपनीतही तेच होतं. ‘अपुरं प्रशिक्षण’ हे कारण असलेला तो एट-डी त्या संग्रहात जाऊन बसला. पुढच्या वेळी दुसऱ्याच मशीनवर व्यास मोठा आला, इंजिनिअरने प्रणालीला विचारलं, आणि तिने उत्तर दिलं: ‘आपल्या कंपनीत यापूर्वी हे कारण आढळलं आहे.’ खाली अहवालाचा क्रमांकही होता. जो अंदाज होता, तो आता आमचाच पुरावा होऊन समोर आला. २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने दाखवलं की मॉडेलच्या पुढच्या पिढ्या आधीच्या पिढ्यांनी लिहिलेल्या मजकुरावर शिकवत गेलं, तर सगळ्यात आधी विरळ, कडेच्या गोष्टी पुसल्या जातात. तो प्रकार मॉडेलच्या शिक्षणाचा आहे, तुमच्या शोधप्रणालीची रचना वेगळी आहे. पण कंपनीच्या स्मरणाचं जे होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. विरळ गोष्ट आधी जाते. शुक्रवार ही विरळ गोष्ट होती.

म्हणून मी सध्या जिथे काम करते तिथे एका गोष्टीवर अडून बसते. कच्ची नोंद आणि पक्का मजकूर वेगळे ठेवायचे, आणि कच्ची नोंद कधीही बदलायची नाही. कच्ची नोंद म्हणजे ऑपरेटरने लिहिलेली ओळ, तिचा फोटो, त्याने बोलून ठेवलेला आवाज, आणि त्यासोबत वार, पाळी, मशीनचा क्रमांक आणि नाव. व्याकरण चुकलेलं असू दे, अर्धं वाक्य असू दे. एआयने केलेल्या प्रत्येक सारांशाखाली मूळ नोंदीची वाट असली पाहिजे, आणि तक्रार बघणाऱ्याने ती वाट एकदा तरी चालली पाहिजे. मी इंजिनिअरांना सांगते, सारांश वाचायच्या आधी मूळ पानं वाचा आणि खटकलेले तीन शब्द कागदावर लिहा. मग सारांशात ते तीन शब्द शोधा.

दुसरी गोष्ट संग्रहाची. मूळ कारण म्हणून जे लिहिलंय ते संग्रहात ‘तपासलेलं’ म्हणून तेव्हाच जातं, जेव्हा दोष मुद्दाम चालू आणि बंद करून दाखवलेला असतो. गार मशीन, दोष आला. गरम मशीन, दोष गेला. पुन्हा गार, पुन्हा आला. हे क्वालिटीतलं जुनंच शहाणपण आहे, एआयमुळे त्याची गरज कितीतरी वाढली एवढंच. ज्याची अशी चाचणी झाली नाही ते ‘अंदाज’ या शिक्क्यानेच राहील आणि प्रणालीने उत्तर देताना तो शिक्का दाखवला पाहिजे. हे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही, प्रत्येक कागदाला एक खूण जोडायची असते. अवघड आहे ते माणसांचं, कारण पहिल्याच महिन्यात कळतं की आपल्या जुन्या अहवालांपैकी बहुतेक अंदाजच आहेत. मी एका कंपनीत हा शिक्का मारायला बसले तेव्हा क्वालिटी प्रमुख बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “होऊ द्या.” त्या दिवसापासून तिथलं काम बदललं.

आता एआय जिथे खरंच नवं ज्ञान जन्माला घालायला मदत करतं तिकडे येते, कारण माझा त्यावरचा विश्वास गेलेला नाही.

तुमच्या शॉपवर बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली कंत्राटी मुलं असतील. आजवर त्यांचं बोलणं नोंदीत कधी आलंच नाही. फॉर्म इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत बोलणारा, आणि मुलगा भोजपुरी किंवा ओडिया बोलणारा. पण मशीनसमोर बारा-बारा तास तोच उभा असतो. आता त्याला त्याच्या भाषेत दोन मिनिटं बोलू द्या, ते लिहून काढा, मराठीत आणा. एका ठिकाणी ओडिया बोलणाऱ्या मुलाने सांगितलं की पावसाळ्यात कूलंटचा (मशीनवर गार ठेवायला सोडलेल्या द्रवाचा) वास बदलला की दुसऱ्या दिवशी जॉबवर डाग येतात. हे तिथल्या एकाही मराठी किंवा इंग्रजी कागदात नव्हतं. अशा गोष्टी आता वर येऊ शकतात, आणि मला एआयने आणलेल्या सगळ्या बदलांत हाच सर्वात मोलाचा वाटतो. फक्त लिहून काढलेलं त्या माणसाला वाचून दाखवा. शॉपच्या गोंगाटात ‘जॉमध्ये चिप अडकते’ (जॉब पकडणाऱ्या जबड्यात धातूचा कीस अडकतो) याचं ‘जॉबमध्ये चिप अडकते’ झालेलं मी पाहिलंय, आणि या दोन दोषांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

दुसरा चांगला उपयोग प्रश्न विचारायला. उत्तर मागण्याऐवजी मी एआयला सांगते, ‘ही कच्ची नोंद वाच आणि मला काय माहीत नाही ते विचार.’ मग ते विचारतं: बाकीच्या वारी होतं का? शेजारच्या मशीनवर होतं का? दुसऱ्या पाळीत? दुसऱ्या मालाच्या लॉटवर? आमच्याकडे याला आहे-नाही तक्ता म्हणतात. दोष कुठे आहे आणि कुठे असू शकला असता पण नाही, हे समोरासमोर मांडायचं. माणूस कंटाळून चौथ्या प्रश्नाला थांबतो, एआय थांबत नाही. शुक्रवारची ओळ नंतर मी अशीच देऊन पाहिली. त्याने विचारलेल्या पहिल्या पाचांत ‘गुरुवारी मशीन चालू होतं का?’ हा प्रश्न होता. तेच साधन, तीच ओळ. अहवाल मागितला तर शुक्रवार गेला, प्रश्न मागितले तर तोच पुढे आला.

इथे थोडं थांबून आतापर्यंतचं सांगते. जोडणं, शोधणं, भाषांतर, प्रश्न काढणं एआयला द्या. बघणं, खटकणं आणि मशीनवर सिद्ध करणं माणसाकडे ठेवा, आणि त्यासाठी वाचलेला वेळ तिकडेच वळवा. तुमचा इंजिनिअर अहवालातले अडीच दिवस वाचवत असेल, तर ते अडीच दिवस आता कुठे जातात हे साहेबांना विचारा. ते आणखी अहवालांत जात असतील, तर तक्रारी परत येण्याचं कारण तुम्हाला सापडलं.

शिकाऊ इंजिनिअरांबद्दल मला काळजी वाटते आणि मी ती लपवत नाही. मी पहिली दोन वर्षं वाईट अहवाल लिहीत होते. माझे वरिष्ठ ते लाल पेनाने खोडायचे आणि शॉपवर परत पाठवायचे. त्या खोडण्यातून मी मशीन बघायला शिकले. आजच्या मुलाचा पहिलाच अहवाल खोडण्यासारखा नसतो, म्हणून त्याला कोणी परत पाठवत नाही. मी आता पहिली फाइव्ह व्हायची साखळी हाताने, मराठीत, मशीनजवळ उभं राहून लिहायला लावते. मग तीच एआयला देऊन ‘यातली कच्ची कडी दाखव’ असं विचारायला सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी एआयचं वाचलं की डोळे त्यालाच शोधू लागतात. कायझेनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांच्या, सूचनापेटीतही हाच फरक दिसतो. सूचनांची भाषा सुधारली आणि सूचना एकसारख्या झाल्या. २०२४ मध्ये लघुकथांवर झालेल्या एका प्रयोगातही असंच दिसलं होतं: एआयच्या कल्पना घेऊन लिहिलेली एकेक कथा वाचकांना जास्त आवडली, पण सगळ्या कथा मिळून एकमेकींसारख्या झाल्या.

ग्राहकाची ड्रॉइंग आणि कराराने झाकलेली माहिती बाहेरच्या मोफत साधनात टाकू देऊ नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्यावर कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली होती. आणि संग्रहातून ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्त्या आधी बाहेर काढा, नाहीतर प्रणाली बिनदिक्कत रद्द झालेलं माप सांगेल.

राहिले तुमचे चार सेटर. साहेबांचं ‘भरून ठेवा’ हे वाक्य त्यांच्या कानावर गेलंच असेल, आणि त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला असेल तोही मला माहीत आहे: आमच्या डोक्यातलं काढून घेणार आणि मग आमची गरज नाही. ही भीती खोटी म्हणून झटकू नका. ज्याने तीस वर्षं हाताने कमावलं त्याने ते का द्यावं, याचं प्रामाणिक उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. झेरॉक्स कंपनीचा अनुभव इथे उपयोगी आहे. १९८० च्या दशकात ज्युलियन ओर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या दुरुस्ती कारागिरांसोबत राहून पाहिलं, की अवघड बिघाड मॅन्युअल वाचून सुटत नाहीत, चहा-नाश्त्याला बसून एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून सुटतात. पुढे १९९० च्या दशकात तिथे युरेका नावाची प्रणाली उभी राहिली. तिची सुरुवात फ्रान्समधल्या कारागिरांपासून झाली. कारागिराने युक्ती लिहायची, दुसऱ्या जाणत्या कारागिरांनी ती तपासायची, आणि लिहिणाऱ्याचं नाव तिच्यासोबत कायम राहायचं. ते नाव राहणं लोकांना फार मोलाचं वाटलं. एआयच्या उत्तरात नाव विरघळून जातं. म्हणून मी सांगते, उत्तराखाली ‘ही गोष्ट अमुक सेटरनी दाखवली, अमुक तारखेला’ असं यायलाच हवं. निवृत्तीनंतर महिन्यातून दोन दिवस मानधनावर त्यांना बोलावता आलं तर तेही आधीच लेखी ठरवा आणि मगच त्यांच्याकडे जा.

जो सगळ्यात आधी निवृत्त होतोय त्याच्यापासून सुरुवात करा. कॉन्फरन्स रूममध्ये कॅमेऱ्यासमोर बसवू नका, तिथे ते तुम्हाला एसओपीच सांगतील. त्यांच्या मशीनजवळ जा, सुट्टीनंतरची पहिली पाळी निवडा, आणि सोबत एक शिकाऊ मुलगा न्या, जो त्यांच्यासोबत हात घालेल. ‘तुमचा अनुभव सांगा’ असं विचारू नका. विचारा, “मामा, गेल्या महिन्यात मशीन मध्येच कधी थांबवलंत? थांबवायच्या आधी काय ऐकू आलं, काय दिसलं?” आणि ते उत्तर देताना हात कुठे ठेवतात ते बघा. ते लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, वारासकट.